शनवारचा फ्यूज

जुना रेडिओ घेऊन कुणी दारात आलं की मी पाणी विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारायची, "प्लगमध्ये घालून बघितलात?" बहुतेक जण मोठ्या कौतुकाने "हो तर!" म्हणायचे. कुणी सांगायचं, थोडा धूर आला, पण एक क्षणभर खरखर ऐकू आली हो. मग माझं डोकं फिरायचं. वर्षानुवर्षं माळ्यावर झोपलेल्या रेडिओच्या पोटातले कंडेन्सर सुकलेले असतात, तारांवरचं रबर हात लावला की भुगा होऊन पडतं. अशात त्याला एकदम घरची सगळी वीज द्यायची, म्हणजे महिनाभर उपाशी माणसाला लग्नाच्या पंगतीला बसवायचं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होते. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा हातात सोल्डरिंगची सवय उरली आणि पुढ्यात रिकामे दिवस. खांदा कॉलनीतल्या आमच्या फ्लॅटची गॅलरी काचा लावून बंद करून घेतली आणि तिथे व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करू लागले. आमचे हे त्या गॅलरीला दवाखाना म्हणायचे. "दवाखान्यातून बाहेर या, वरण निवतंय," अशी हाक रोज दुपारी यायची. वरण तेच करायचे, त्यामुळे मला उठावंच लागायचं.

लोकांना वाटायचं हा पैशाचा धंदा आहे, किंवा म्हातारपणाचं खूळ. खरं सांगायचं तर मला त्या वाट बघण्याचं वेड होतं. व्हॉल्व्हचा रेडिओ बटण फिरवल्यावर लगेच बोलत नाही. आधी डायलच्या काचेमागे पिवळा उजेड पडतो. मग आत काचेच्या नळ्यांत तांबूस काहीतरी फुलायला लागतं, गरम लाकडाचा आणि जुन्या धुळीचा वास येतो, आणि बऱ्याच वेळाने लांबून, खाडीपलीकडून यावा तसा आवाज येतो. तेवढ्या वेळात मी कुठे कुठे जाऊन यायची. संध्याकाळी शॉर्टवेव्हवर काटा सरकवला की न कळणाऱ्या भाषा एकमेकींत मिसळायच्या, कुणीतरी दूर देशातली बाई काहीतरी समजावून सांगत असायची, आणि खाली सोसायटीत भाजीवाल्याची गाडी फिरत असायची. मला दोन्ही सारखंच खरं वाटायचं.

त्या वर्षांत लोडशेडिंग ऐन भरात होतं. अशाच एका सकाळी, वीज नसताना, त्या आल्या. जिना चढून दम लागला होता, तरी बसायच्या आधी त्यांनी गॅलरीतल्या सगळ्या रेडिओंवरून नजर फिरवली. वॉर्डात राउंडला आल्यासारखी. नंतर कळलं, आयुष्यभर नर्स होत्या.

"माझा खाली रिक्षात आहे," त्या म्हणाल्या. "उचलत नाही मला. आणि आधीच सांगते, प्लगमध्ये घातलेला नाही."

मी तिथेच त्यांच्या प्रेमात पडले.

त्या जुन्या पनवेलमध्ये, सिनेगॉगच्या मागच्या गल्लीत राहायच्या. कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी एक. त्यांच्या लोकांना पूर्वी शनवार तेली म्हणायचे, कारण घाणा शनिवारी बंद. नवरा रेल्वेत होता, तो जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी लग्न करून इस्रायलला गेलेली, आता आईलाही बोलावत होती. खोली विकून झाली होती, तिकीट हातात होतं. मी त्यांना मावशी म्हणू लागले आणि त्या मला पहिल्या दिवसापासून "अगं".

त्यांना काय हवंय ते त्यांनी चहा पिता पिता सरळ सांगितलं. त्यांच्या घरी शब्बाथ कडक पाळला जायचा. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवा लावायचा, स्वयंपाक करून ठेवायचा, आणि मग शनिवारी आकाशात चांदण्या दिसेपर्यंत काही पेटवायचं नाही, काही विझवायचं नाही. बटणसुद्धा लावायचं नाही की बंद करायचं नाही. नवऱ्याला रेडिओशिवाय करमायचं नाही. म्हणून तो शुक्रवारी उजेड असतानाच रेडिओ लावून ठेवायचा, बारीक आवाजात, आणि तो शनिवारच्या रात्रीपर्यंत तसाच चालू राहायचा. रात्रभर नुसती खरखर, पहाटे भजनं, मग बातम्या, गाणी, शेतकऱ्यांना सल्ला. त्या घरातला प्रत्येक शनिवार असा गेला होता.

"ते गेल्यापासून बंद आहे," मावशी म्हणाल्या. "जायच्या आधीचा एक शनवार मला तसा हवाय. शेवटचा. तो झाला की रेडिओ तू ठेव."

मी म्हटलं, नाही. माझा नियम होता, व्हॉल्व्हचा रेडिओ चालू ठेवून खोलीबाहेरसुद्धा जायचं नाही. पोटात दोन-अडीचशे व्होल्ट, भोवती जुनं लाकूड. आणि ह्या एकट्या बाई रात्रभर शेजारी झोपणार, वर बटणाला हात लावणार नाहीत!

"काही झालं तर बंद कराल ना?" मी विचारलं.

"जिवावर आलं तर करेन. तेवढी मुभा आहे. पण तशी वेळ येऊ नये असं तू कर. त्यासाठीच आले ना तुझ्याकडे?"

"आणि शेजाऱ्यांना सांगून बंद करून घेतला तर?"

"सांगायचं नाही. ज्याच्याकडून करून घ्यायचं त्याला सांगायचंही नाही. काही घरांत नुसतं सुचवतात, की बाई गं अंधार झालाय. आमचे हे त्यालाही पळवाट म्हणायचे."

इतकी हट्टी बाई मी आरशात सोडून कुठे बघितली नव्हती. रेडिओ ठेवून घेतला.

परदेशी बनावटीचा, भारदस्त टेबल-रेडिओ होता. पुढे मळकट सोनेरी कापड, आणि डायलच्या वर तो हिरवा डोळा, स्टेशन नीट लागलं की पापण्या मिटल्यासारखा बारीक होणारा. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं आणि एक झुरळ, एक सुकलेली पाल आणि खूप धूळ काढली. रंगाच्या मऊ ब्रशने, हळूहळू. असं काम करताना मी डावा हात पाठीमागे ओढणीत अडकवून ठेवायची. दोन्ही हात आत घातले आणि कंडेन्सरमध्ये वीज शिल्लक असली तर ती एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जाते. ही सवय मला एक्स्चेंजमध्ये लागली होती.

आणि मग ती दिसली. फ्यूजच्या जागी काचेची नळी नव्हतीच. दोन्ही टोकांना एक जाड तांब्याची तार पिळून, वर व्यवस्थित सोल्डरचा डाग देऊन पक्की बसवलेली. फ्यूजमधली तार केसासारखी बारीक असते, ती असतेच जळून तुटण्यासाठी. आत काही बिघडलं तर ती आधी जाते आणि घर वाचतं. ही तार अख्खा रेडिओ जळून कोळसा झाला तरी तुटली नसती. खाली लाकडावर एक काळपट डागसुद्धा होता. माणसं इतकी वर्षं ह्याच्या शेजारी झोपली होती.

पुढच्या वेळी मावशी आल्या तेव्हा मी ती तार त्यांच्यासमोर धरली. "हा उद्योग कुणाचा?"

त्यांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली. "त्यांचाच," म्हणाल्या. तार पर्समध्ये टाकली आणि मला विचारलं की खारे बोंबील खातेस का, घरातले संपवायचे आहेत.

मग मी त्या रेडिओसाठी जे जे करता येईल ते केलं. लॅमिंग्टन रोडवर जाऊन कंडेन्सर आणले, एकूण एक बदलले. सगळ्या तारा नव्या. दोन पिनांची जुनी वायर फेकून तीन पिनांची जाड केबल लावली. फ्यूज योग्य मापाचा, काचेचा. मग सिरीजमध्ये बल्ब लावून पहिल्यांदा वीज दिली. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भकाभक पेटतो आणि रेडिओ वाचतो. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. म्हणजे शॉर्ट नव्हता. त्यानंतर व्हेरिॲकची मूठ थोडी थोडी फिरवत, मधे तासतास थांबत, व्होल्टेज चढवत नेलं. नव्वद, शंभर, दीडशे. दुपारची वेळ होती, कॉलनी जेवून पेंगत होती. हिरवा डोळा आधी नुसता धुक्यासारखा दिसला, मग नीट उघडला आणि माझ्याकडे बघू लागला. थोड्या वेळाने आतून कुणीतरी भाताच्या रोपांवरच्या किडीबद्दल बोलायला लागलं. मला इतका आनंद झाला की मी ते किडीचं सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

एक अख्खा दिवस-रात्र तो आमच्याकडे चालवून बघितला. मी शेजारीच होते, अधूनमधून ट्रान्सफॉर्मरला हात लावून. कोमट, त्याहून जास्त नाही. ह्यांनी जेवणाचं ताट गॅलरीत आणून दिलं आणि म्हणाले, "पेशंटला ताप नाही ना?"

मावशींच्या खोलीतला प्लग बघायला गेले तर भोकं तीन होती, पण तिसऱ्यामागे काहीच नव्हतं. अर्थिंगचा पत्ता नाही. ओळखीचा एक गव्हाणचा इलेक्ट्रिशियन बोलावला. तो कंटाळत आला.

"बाय, इतकी वर्सं अर्थिंग नाय हाय, काय झालं का? काय नाय झालं ना?"

"झालं असतं तर सांगायला कोण राहिलं असतं?" मी म्हटलं.

"आमी तर कंदी लावीत नाय," तो म्हणाला, पण तार ओढून दिली त्याने.

त्या शुक्रवारी ऊन उतरताना मी रेडिओ त्यांच्या खोलीत त्याच्या जुन्या जागी ठेवला. खोली जवळजवळ रिकामी होती. एक पलंग, दोन खुर्च्या, एक बॅग, खिडकीत एक टांगता काचेचा पेला. मावशींनी त्यात पाणी घातलं, वर तेल, त्यात वात सोडली. बटण मीच फिरवलं, त्या नुसत्या उभ्या राहिल्या. आवाज आल्यावर म्हणाल्या, "अजून बारीक. एवढा नसायचा." मग डोक्यावर पदर घेऊन दिवा लावला आणि दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले. बराच वेळ ठेवले. मी पायांचा आवाज न करता जिना उतरले.

शनिवारी सकाळी आमच्याकडची वीज गेली. जाणारच होती, जुन्या पनवेलचं आणि आमचं वेळापत्रक एकच होतं. मला त्याची भीती नव्हती. वीज गेली तर रेडिओ गप्प होईल, आली की बटण चालूच असल्यामुळे आपोआप बोलू लागेल. पण दुपारी वीज आली ती अशी आली की गॅलरीतला दिवा पांढराफटक पेटला, पंखा घोंघावला, आणि मग सगळं खाली बसलं. शेजाऱ्यांचा टीव्ही गेल्याची ओरड ऐकू आली. मी पर्स उचलली, फ्यूजची डबी टाकली आणि रिक्षा पकडली. रिक्षात बसून मी देवाला काय काय म्हणत होते ते आता आठवत नाही. ज्या देवाला म्हणत होते तो त्यांचा की माझा, तेही नाही.

जिन्यावर धुराचा वास नव्हता. दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत शांत बसल्या होत्या. डोक्यावर पंखा फिरत होता, म्हणजे वीज होती. रेडिओचा डायल मात्र काळा, हिरवा डोळा मिटलेला.

"एकदम टक् झालं," त्या म्हणाल्या. "बस."

फ्यूज उडाला होता. त्याने त्याचं काम चोख केलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं, पण मला रडूच फुटायचं बाकी होतं. ह्या बाईने एकच गोष्ट मागितली होती. ती जाड तार असती तर रेडिओ कदाचित जळाला असता, कदाचित वाजतही राहिला असता. माझ्या शहाणपणाने तिचा शेवटचा शनिवार मुका केला होता.

पर्समध्ये डबी होती. त्या मला सांगू शकत नव्हत्या. मीही विचारू शकत नव्हते, कारण "लावू का?" म्हटलं की त्यांना हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. न विचारता लावला असता तरी माझा स्वतःचा एक नियम आड येत होता. फ्यूज का उडाला ते कळल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. आत ट्रान्सफॉर्मर गेला असेल, व्हॉल्व्ह गेला असेल, आणि मी निघून गेल्यावर ह्या इथे एकट्या. मी डबी काढली नाही. दुसऱ्या खुर्चीत बसले.

त्यांनी थर्मासमधला कालचा चहा ओतून दिला. कोमट आणि फार गोड होता. बाहेर कुणीतरी पापड वाळत घालत होतं, एक मांजर कौलांवरून जाताना दोनदा थांबलं. उन्हाचा चौकोन जमिनीवरून सरकत पलंगाच्या पायापर्यंत गेला. किती वेळ गेला कोण जाणे, मला अर्धवट झोप लागल्यासारखं झालं होतं. त्या बोलायला लागल्या तेव्हा आधी मला वाटलं रेडिओच लागला.

"असाच एकदा उडाला होता. मुलगी लहान होती, तिच्या मावशीकडे गेलेली. शुक्रवारी दिवा लावला आणि टक्. हे उठून रेडिओपाशी गेले, हात पुढे केला, मग आठवलं आणि हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ह्या खोलीत नुसते फेऱ्या मारत होते. मग कंटाळून इथे येऊन बसले. तू बसलीस तिथे. आणि मला म्हणाले, 'तू हॉस्पिटलात दिवसभर काय करतेस गं?' इतकी वर्षं लग्नाला झाली होती. पहिल्यांदा विचारलं."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"त्या आठवड्यात माझ्या वॉर्डात एक पोर गेलं होतं. माझ्या हातात. घरी बोलले नव्हते मी. त्या दिवशी सगळं सांगितलं. मग त्यांनी त्यांचं सांगितलं, घाण्याचं, आईचं, लहानपणी अंधाराला किती भ्यायचे ते. संध्याकाळपर्यंत बोलत होतो आम्ही. चांदण्या कधी आल्या कळलं नाही. रविवारी सकाळी चहाच्या आधी बाजारात गेले आणि ती तार घेऊन आले. मला म्हणाले, 'काल तुला किती कंटाळा आला असेल. आता असा शनवार पुन्हा येणार नाही.' आणि आलाच नाही. तार पक्की लावली होती त्यांनी."

"तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?"

"माझ्यासाठी आणली होती गं त्यांनी. कसं सांगणार? दर शुक्रवारी दिवा लावताना घरातल्या सगळ्यांसाठी मागायची आणि शेवटी हळूच म्हणायची, तेवढा तो बंद पडू दे. ते गेले तोपर्यंत मी मागत होते."

"मग आता लावायला कशाला सांगितलात?"

"चालू असल्याशिवाय बंद कसा पडेल?" त्या साध्या आवाजात म्हणाल्या.

खोलीत अंधार व्हायला लागला. तो घालवायला आम्हा दोघींपैकी कुणी उठलं नाही. पेल्यातली वात केव्हाच विझली होती. त्या आता खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि बोलत होत्या. वॉर्डातल्या रात्रपाळ्या, शनवारच्या बदल्यात घेतलेले रविवार, मुलीच्या लग्नाच्या वेळचा ताप, तिकीट आल्यावर आलेली झोप. किती वर्षांचं साठलेलं होतं. माझी त्यांची ओळख काही महिन्यांची, मला त्यातली माणसंसुद्धा माहीत नव्हती. आणि मधेच माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "अहो, ऐकताय ना?"

मी घसा साफ केला आणि जमेल तितक्या जाड आवाजात म्हटलं, "हं. बोल."